निळ्या झाकणाचा हिशेब: ट्रकमधलं डीईएफ कसं वापरायचं, कसं तपासायचं

डीईएफ म्हणजे डिझेल एक्झॉस्ट फ्लुइड, धुरातले विषारी वायू मारायला ट्रकच्या वेगळ्या टाकीत भरायचा द्रव; त्या टाकीचं झाकण निळं. त्याच्यासाठी वहीत पाच रकाने आखा: तारीख, किलोमीटर, डिझेल, डीईएफ, टक्के. पाचवा रकाना सगळ्यात कामाचा, आणि बहुतेकांच्या वहीत नेमका तोच नसतो. डिझेलचा हिशेब थेंबाथेंबाचा ठेवतात. डीईएफचं मात्र 'दोन कॅन घातले' एवढ्यावर भागतं.

मी मिस्त्री नाही. मालवाहतुकीच्या ऑफिसात चौदा ट्रकांचा डिझेल, टायर आणि ऑइलचा हिशेब माझ्याकडे आहे. चालक मला ताई म्हणतात, आणि मी गाडीखाली वाकून पाहायला लागले की मिस्त्री गालात हसतात. तरी डीईएफचे बिघाड मला त्यांच्याआधी दिसायला लागले ते या पाचव्या रकान्यामुळे.

गणित शाळेतलं आहे. डीईएफचे लिटर भागिले डिझेलचे लिटर, गुणिले शंभर. ४१२ लिटर डिझेलमागे १९ लिटर डीईएफ गेलं, तर ४.६ टक्के. अवजड ट्रकला साधारण ३ ते ६ टक्के लागतं. माल भरून चढ चढणारी गाडी जास्त पिते, सपाटीवर रिकामी पळणारी कमी. त्यामुळे एका गाडीचा आकडा दुसरीला लावू नका. प्रत्येक गाडी तिच्या स्वतःच्या मागच्या महिन्याशी ताडून बघायची.

आणखी एक. एका भरणीवरून काहीही ठरवू नका. आज डिझेल काठोकाठ आणि डीईएफ अर्धा कॅन भरलं तर टक्का येतो २, पुढच्या वेळी उलटं झालं की ९. तीन-चार भरण्यांची बेरीज करा आणि मग भागा. मला हे उशिरा सुचलं. तोवर मी एका चालकावर कॅन विकल्याचा संशय घेऊन बसले होते. त्याची माफी मागितली, त्यानेही मोठ्या मनाने केलं माफ, पण पुढचे सहा महिने तो कॅन घातला की रिकाम्या कॅनचा फोटो मला पाठवायचा.

हे जातं कुठे

डिझेल इंजिनातला जाळ इतका तापतो की हवेतलाच नायट्रोजन ऑक्सिजनशी जुळतो आणि नॉक्स नावाचे विषारी वायू तयार होतात. डीईएफ डिझेलमध्ये मिसळायचं नसतं आणि इंजिनाच्या पोटातही ते जात नाही. इंजिनातून बाहेर पडलेल्या तापलेल्या धुरात त्याचा फवारा मारला जातो. उष्णतेने त्यातल्या युरियाचा अमोनिया होतो, पुढे एससीआर कॅटॅलिस्टवर, म्हणजे ही रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या भागावर, अमोनिया आणि नॉक्सची गाठ पडते, आणि मागून निघतो साधा नायट्रोजन आणि पाण्याची वाफ.

त्यात असतं ३२.५ टक्के युरिया आणि ६७.५ टक्के खनिजं काढून टाकलेलं पाणी. कुठे त्याला अ‍ॅडब्लू म्हणतात, कुठे आर्ला ३२, चालकांच्या तोंडी नुसतं 'युरिया'. वस्तू तीच. कॅनवर आयएसओ २२२४१ हा डीईएफच्या दर्जाच्या आंतरराष्ट्रीय मानकाचा आकडा आहे का, ते बघा. रंग निळा नसतो. निळं फक्त झाकण. द्रव पाण्यासारखा नितळ.

एका वस्तादांनी मला समजावलं होतं, की थोडा जास्त युरिया घातला तर औषध कडक होतं. होत नाही. गाडीचा कंप्युटर ३२.५ टक्के गृहीत धरूनच फवारा मोजतो. शिवाय याच प्रमाणात मिश्रण सगळ्यात उशिरा गोठतं, उणे ११ अंशांना. प्रमाण इकडे ढळलं किंवा तिकडे, तरी ते त्याआधीच गोठायला लागतं. आणि थंडीत गोठलंच तर घाबरायचं कारण नाही: टाकीत तापवण्याची सोय असते, इंजिन चालू होतं, डीईएफ मागाहून वितळतं. त्यात कूलंट किंवा गोठणरोधक काही घालायचं नाही.

धूर साधारण २०० अंशांपर्यंत तापल्याशिवाय फवारा नीट कामाला लागत नाही. तासन्‌तास उभ्या जागी इंजिन चालू ठेवणाऱ्या गाडीचा टक्का म्हणूनच कमी येतो. तो आकडा बघून खूश होऊ नका. थंड नळीत पडलेला युरिया नीट फुटत नाही, पांढरा थर धरून बसतो.

टक्का पडला, टक्का चढला

एका गाडीचा आकडा साडेचारवरून ३.८ झाला, मग २.९, मग २.१. मालक म्हणाले, बरंय, बचत होतेय. मी मिस्त्रींना सांगितलं, त्यांनी डॅशबोर्ड बघितला, एकही दिवा नव्हता, आणि विषय तिथेच संपला. पुढच्या फेरीत दिवा लागला. फवारा मारणाऱ्या डोझिंग इंजेक्टरच्या तोंडाशी पिठीसाखर थिजावी तसे खडे जमले होते. ताजे खडे कोमट पाण्याने विरघळतात. तापून तापून दगड झालेला थर मात्र पाण्याला दाद देत नाही, कारण तो आता युरिया राहिलेलाच नसतो. उष्णतेने त्याचे दुसरेच पदार्थ झालेले असतात. तो भाग खोलून मिस्त्रींनीच साफ करायचा किंवा बदलायचा. तारेने टोचू नका. भोकं इतकी बारीक असतात, की एक ओरखडा पडला तरी फवारा वाकडा जातो आणि खडे आणखी लवकर जमतात.

म्हणून नियम असा: गाडीचं काम बदललेलं नसताना टक्का तिच्या नेहमीच्या आकड्याच्या पाव हिश्शाने खाली आला, तर इंजेक्टर, डीईएफचा फिल्टर आणि पंपाचा दाब तपासून घ्या. दिव्याची वाट बघू नका.

चढला तर आधी खाली वाका. डीईएफची गळती लपत नाही, पाणी उडून जातं आणि मागे पांढरा माग राहतो. नळीच्या सांध्याला, टाकीच्या तळाला, चॅसीवर पांढरट ओघळ दिसला की चोर सापडला. गळती नसेल आणि सायलेन्सरशी नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास येत असेल, तर फवारा गरजेपेक्षा जास्त पडतोय. अशा वेळी नॉक्स सेन्सरकडे बघायला सांगा. यातलं काहीच नसेल, तर कॅन टाकीत न जाता आणखी कुठे जातोय का, हे शोधा. पण माझ्यासारखी घाई करू नका.

आणि शून्य टक्के? तेही पाहिलंय. जुनी म्हणून घेतलेली एक गाडी. काटा कायम पाऊण टाकीवर, दिवा एकही नाही, पहिल्या महिन्यात डीईएफ लागलं शून्य लिटर. टाकीचं झाकण उघडलं तर आत धूळ. डॅशबोर्डमागे एक काडेपेटीएवढी डबी निघाली. तिचं काम एकच: कंप्युटरला 'सगळं ठीक आहे' असं खोटं सांगत राहणं. अनेक देशांत हा गुन्हा आहे, आणि गुन्हा धरला नाही तरी सौदा घाट्याचाच. ती डबी काढून मूळ यंत्रणा सुरू करायला पंप, नळ्या आणि इंजेक्टर असं सगळं नवं घालावं लागलं, कारण कोरडं पडून सगळं आतून खड्यांनी भरलं होतं. जुना ट्रक घेताना डीईएफच्या टाकीचं झाकण स्वतःच्या हाताने उघडा.

कॅन घरात आल्यावर

घेताना सील आणि तारीख बघा. डीईएफ नासतं, आणि ते उष्णतेने नासतं. कायम २५ अंशांच्या आत ठेवलं तर दीड वर्ष टिकतं, ३० अंशांपर्यंत एक वर्ष, ३५ अंशांपर्यंत सहाच महिने. त्याच्या वर गेलं तर किती दिवस टिकेल हे धरून चालू नका, वापरण्याआधी तपासा. उन्हात उभ्या असलेल्या केबिनमध्ये सीटमागे ठेवलेला कॅन ३५ अंश दुपारच्या आत ओलांडतो. वाटेत लागेल म्हणून एक कॅन सोबत ठेवायचा तर सावलीच्या बाजूला, घट्ट बांधून. २० लिटरचा कॅन जवळपास २२ किलो भरतो, आणि ब्रेक लागला की तो कुणाचं ऐकत नाही. आधी आलेला कॅन आधी संपवा. मी प्रत्येक कॅनवर जाड मार्करने आल्याची तारीख लिहिते.

भांड्यांची पथ्यं कडक आहेत. प्लास्टिक चालतं, स्टेनलेस स्टील चालतं. तांबं, पितळ, जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा, अ‍ॅल्युमिनियम आणि साधं लोखंड चालत नाही. डीईएफ त्यांना खातं आणि खाल्लेला धातू पुढे कॅटॅलिस्टवर नेऊन बसवतं. पितळी तोटीचा पिंप म्हणूनच बाद.

माझी स्वतःची चूक इथली आहे. मोठ्या पिंपाच्या तळाशी थोडं डीईएफ उरलं होतं, ते टाकवेना, म्हणून मी एका रिकाम्या कॅनमध्ये काढून ठेवायला सांगितलं. तो कॅन पूर्वी डिझेलचा होता. साबणाने दोनदा धुतला होता, उन्हात वाळवला होता, नाकाला वासही येत नव्हता. पण प्लास्टिक तेल पिऊन बसतं. त्या कॅनमधलं डीईएफ ज्या गाडीत गेलं, तिच्या पंपातली रबरी सीलं काही आठवड्यांत फुगली, दाब बसेना, आणि टाकी, फिल्टर, नळ्या, पंप सगळं उतरवावं लागलं. बारा-पंधरा लिटर वाचवायला गेले होते मी. आता आमच्याकडे डीईएफचं नरसाळं, नळी आणि मापं वेगळी आहेत, त्यांवर निळी चिकटपट्टी आहे, आणि ती कपाटात कुलपात असतात. क्लीनर पोरं यावरून माझी थट्टा करतात. करू देत.

तपासायचं कसं

आधी डोळ्यांनी. स्वच्छ काचेच्या ग्लासात थोडं घ्या आणि उजेडात धरा. गढूळपणा, तळाला कण किंवा काही रंग दिसला तर ते वापरायचं नाही. पृष्ठभागावर इंद्रधनुष्यी तवंग दिसला तर तेल आहे. डिझेल हलकं असल्यामुळे वर तरंगतं. अमोनियाचा हलका वास चालतो, डोळ्यांत पाणी आणणारा वास आला तर ते उष्णतेत राहून खराब झालंय.

मग रिफ्रॅक्टोमीटर. हातात मावणारी दुर्बिणीसारखी नळी असते, डीईएफची मोजपट्टी आखलेलीच घ्या. डिस्टिल्ड वॉटरचा थेंब टाकून शून्य जुळवा, काच पुसून कोरडी करा, डीईएफचे दोन थेंब टाका आणि उजेडाकडे धरून रेष वाचा. नमुना आणि यंत्र दोन्ही थोडा वेळ एकाच जागी सावलीत ठेवलेलं बरं, नाहीतर आकडा हलतो. ३१.८ ते ३३.२ च्या मध्ये रेष आली तर ठीक. एकदा सीलबंद म्हणून आलेल्या कॅनचा आकडा २६ आला होता. त्यात सरळ पाणी होतं. आकडा जास्त आला तर बहुतेक झाकण नीट लागलेलं नसतं आणि पाणी उडालेलं असतं.

पण हे यंत्र युरिया किती आहे तेवढंच सांगतं. पाणी कुठलं आणि युरिया कुठला, हे त्याला कळत नाही. नळाच्या पाण्यात शेतातला युरिया कालवून कुणी ३२.५ बरोबर जुळवलं, तर रिफ्रॅक्टोमीटर खुशाल पास करेल. डीईएफमध्ये कॅल्शियमची कमाल मर्यादा किलोमागे अर्धा मिलिग्रॅम आहे. नळाच्या पाण्यात याच्या कितीतरी पट असतं. खताच्या युरियात बाययुरेट नावाची अशुद्धी जास्त असते, दाणे चिकटू नयेत म्हणून वरून लेप दिलेला असतो. हे सगळं कॅटॅलिस्टवर बसत जातं आणि ते धुऊन निघत नाही. घरी बनवायच्या कृती फिरतात त्या वाचून पुढे सरका. अनोळखी जागेहून मोठा साठा घ्यायचाच असेल तर त्या बॅचचा प्रयोगशाळेचा दाखला मागा. दाखला मागितल्यावर ज्याचा चेहरा पडतो त्याच्याकडून घेऊ नका.

भरताना आणि बंद करताना

झाकणाभोवतीची धूळ आधी ओल्या फडक्याने पुसा, मग झाकण फिरवा. उलटं केलं तर ती सगळी धूळ आत. पंपाची डीईएफची नळी डिझेलच्या नळीपेक्षा बारीक असते, १९ मिलिमीटरची, त्यामुळे डिझेलची जाड नळी डीईएफच्या तोंडात सहसा बसत नाही. कॅन आणि नरसाळ्याला असलं काही अडवत नाही. चुका तिथेच होतात, रात्री, दमलेल्या माणसाच्या हातून. काठोकाठ भरू नका, द्रवाला गोठताना फुगायला जागा लागते. अंगावर किंवा गाडीवर सांडलं तर भरपूर पाण्याने लगेच धुवा; वाळलं की खडे होतात, आणि उघड्या पत्र्याला ते गंज आणतं.

डीईएफच्या टाकीत डिझेल गेलं, किंवा डिझेलच्या टाकीत डीईएफ गेलं, तर एकच पाळा: चावी फिरवू नका. काटा बघायलासुद्धा नाही. काही गाड्यांत इग्निशन लागताच पंप ओढायला लागतो. जोवर ते टाकीत आहे तोवर टाकी उतरवून धुण्यावर भागतं. डीईएफ डिझेलपेक्षा जड असल्यामुळे डिझेलच्या टाकीत तळाशी जातं, आणि इंजिन नेमकं तिथूनच ओढतं.

गाडी बंद केल्यावर मागून घुर्र असा आवाज येत राहतो, तो ऐकलाय? बऱ्याच यंत्रणांत पंप नळीतलं आणि इंजेक्टरमधलं उरलेलं डीईएफ तेव्हा परत टाकीत खेचत असतो. तो थांबेपर्यंत बॅटरीचा मेन स्विच बंद करायचा नाही. दोनेक मिनिटं जातात, नेमका वेळ गाडीच्या पुस्तिकेत असतो. आमच्या एका अतिशय शिस्तीच्या चालकाला चावी काढली की खाली उतरून लगेच मेन स्विच पाडायची सवय होती. वर्षात दोन इंजेक्टर त्याच्याच गाडीचे गेले. वाईट वाटलं, कारण बाकी गाडी इतकी नीट ठेवणारा दुसरा कुणी नाही.

दिवे आणि कोड

युरो ६ (युरोपचे धुराचे नियम) पद्धतीच्या गाड्यांत टाकी १० टक्क्यांच्या खाली गेली की इशारा येतो. तरीही भरलं नाही, तर २.५ टक्क्यांपर्यंत येता येता इंजिनाचा टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, पाव हिश्शाने कमी होतो. भरलेली गाडी चढाला जीव टाकते. टाकी कोरडी झाली आणि गाडी एकदा थांबली, की पुढे ती ताशी २० किलोमीटरच्या वर जात नाही. नुसती पातळी कमी झाल्यावरच हे होतं असं नाही. डीईएफ निकृष्ट निघालं किंवा यंत्रणा बिघडली तरी गाडी याच पायऱ्या उतरते, म्हणून 'टाकी भरलेली आहे तरी ताकद का नाही' हा प्रश्न फोनवर वरचेवर येतो.

अशा वेळी चालकाला स्क्रीनवरचा एसपीएन आकडा, म्हणजे बिघाड कुठे आहे ते सांगणारा कोड, वाचायला सांगा. चार पाठ असले की पुरे. १७६१ म्हणजे टाकीतली पातळी. ३३६४ म्हणजे डीईएफचा दर्जा. ४३३४ म्हणजे डोझिंगचा दाब. ४३६४ म्हणजे कॅटॅलिस्टमधून नॉक्स हवा तेवढा कमी होत नाही. ५२४६ दिसला, तर ताकद कापण्याची शिक्षा सुरू झाली आहे; ते कारण नव्हे, कारण त्याच्या शेजारच्या आकड्यात असतं. ३३६४ आला की सेन्सर बदलायला धावण्याआधी टाकीतून नमुना काढून रिफ्रॅक्टोमीटरखाली धरा. बऱ्याचदा सेन्सर खरं बोलत असतो.

टाकी भरल्याबरोबर दिवा जात नाही म्हणून बॅटरीची वायर काढणारे आहेत. थांबा जरा. पाच-सात लिटर एकदम घालावे लागतात, त्याहून कमी भरलं तर काही सेन्सरना बदल कळतच नाही. मग चावी बंद-चालू करा आणि गाडी रस्त्यावर घ्या. दर्जाचा किंवा नॉक्सचा कोड जायला धूर चांगला तापलेला लागतो, आणि काही वेळ सलग चालवावं लागतं. फिल्टरचं वेळापत्रक पुस्तिकेतलं पाळा. वहीच्या शेवटच्या पानावर ते किलोमीटरसकट लिहून ठेवा.

गाडी काही महिने उभी राहणार असेल तर टाकीतलं डीईएफ तिथेच म्हातारं होतं. गाडी पुन्हा रस्त्यावर काढण्याआधी नमुना तपासा. आकडा हद्दीबाहेर असेल तर सगळं काढून टाका, टाकी डिस्टिल्ड वॉटरने खळबळा आणि ताजं भरा. आणि त्या तारखेपुढे वहीत 'टाकी रिकामी केली, इतके लिटर' असं ठळक लिहा. मी एकदा लिहायला विसरले. पुढच्या महिन्यात त्या गाडीचा टक्का ९ आला आणि मीच मिस्त्रींना गळती शोधायला एक अख्खी दुपार तिच्याखाली झोपवलं.